अट घालणारा कोच

समजा, एक नोकरी आहे. तिच्यासाठी तुमच्याइतका लायक माणूस अख्ख्या देशात नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि ती देणाऱ्यांनाही. तुम्ही पत्रात काय लिहाल? प्लेसमेंटच्या सीझनमध्ये आपण सगळे जे लिहितो तेच ना? मेहनती आहे, टीममध्ये जुळवून घेतो, कुठेही पाठवा. कार्विन जेम्सने १९७४ मध्ये अशा नोकरीसंदर्भात पत्र लिहिलं आणि त्यात नोकरी देणाऱ्यांनाच अट घातली. ती मान्य होईल असं त्याला वाटत नव्हतं. म्हणून त्याच पत्रात त्याने आपलं नावही मागे घेतलं.

ती नोकरी होती वेल्सच्या राष्ट्रीय रग्बी संघाच्या कोचची. पैशासाठी कोणी तिच्या मागे लागावं अशी ती नव्हतीच. रग्बी युनियन हा खेळ १९९५ पर्यंत हौशी होता. पण वेल्समध्ये त्या खुर्चीचा मान काय, हे समजायला आपल्याला फार डोकं खाजवावं लागणार नाही. भारतात क्रिकेट टीमच्या कोचवर जेवढी चर्चा चहाच्या टपरीवर होते, तेवढीच तिकडे रग्बीच्या कोचवर होते. फक्त टपरीच्या जागी पब.

रग्बी आपल्याकडे फार कमी लोक बघतात. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर ती कित्येक वर्षं खेळली जाते, तरी सीएसएमटीकडे धावणारे आपण बाजूने नुसते निघून जातो. तर थोडक्यात सांगते. दोन्हीकडे १५-१५ खेळाडू, लंबगोल चेंडू. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण पास मात्र मागच्या दिशेनेच द्यायचा. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय. एच आकाराच्या खांबांमधून, आडव्या दांडीच्या वरून किक मारली तरी गुण. आणि दहा नंबरचा शर्ट घालतो तो फ्लाय-हाफ. पळायचं की किक मारायची, हे बहुतेक वेळा तो ठरवतो. टीमचं डोकं म्हणा. कार्विन फ्लाय-हाफ होता.

त्याचा जन्म २ नोव्हेंबर १९२९ चा. गाव केव्हनाइथिन, नैर्ऋत्य वेल्समधलं कोळसा खाणींच्या पट्ट्यातलं छोटंसं गाव. वडील खाणकामगार. घरात वेल्श भाषा. शेजारी इंग्लंड असताना वेल्श टिकवणं सोपं नव्हतं. १९७१ च्या जनगणनेत वेल्समधले जेमतेम २१ टक्के लोक ती बोलत होते. दहा वर्षांपूर्वी हा आकडा २६ टक्के होता. कार्विनने ॲबरिस्टविथच्या विद्यापीठात शिकायला विषय घेतला तोही वेल्श. नंतर सक्तीच्या लष्करी सेवेत तो नौदलात गेला, तिथे त्याला रशियन शिकवलं गेलं. शीतयुद्धाचा काळ होता, रशियन समजणारी माणसं सरकारला हवी होती. सरकारचं काम संपलं, पण चेकॉव्ह त्याच्याजवळ जन्मभर राहिला.

खेळाडू म्हणून त्याचं नशीब तसं बेताचंच. त्याच काळात वेल्सकडे क्लिफ मॉर्गन नावाचा अफलातून फ्लाय-हाफ होता, त्यामुळे कार्विन बाहेर बसला. १९५८ मध्ये अखेर संधी आली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो खेळला, एक ड्रॉप गोलही मारला आणि वेल्स ९-३ ने जिंकलं. हा स्कोअर लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. त्यानंतर फ्रान्सविरुद्ध एक सामना, तोही वेगळ्या जागेवर. संपलं. देशासाठी एकूण दोन सामने.

मग तो शिक्षक झाला. लँडोव्हरी कॉलेज नावाच्या शाळेत (नाव कॉलेज, पण आहे शाळा) त्याने दहाहून अधिक वर्षं वेल्श शिकवली आणि मुलांच्या रग्बी टीमला तयार केलं. पुढे कारमार्थनच्या ट्रिनिटी कॉलेजात लेक्चरर. मला वाटतं, त्याच्या कोचिंगचं सगळं गुपित इथे आहे. तो ओरडत नसे. प्रश्न विचारत असे. समोरच्याकडून उत्तर काढून घेत असे. त्या काळात कोच म्हणजे मैदानाभोवती पळायला लावणारा माणूस अशी समजूत होती. मुळात रग्बीत कोच असावा का, यावरच वाद होता. वेल्सनेसुद्धा पहिला राष्ट्रीय कोच नेमला तो १९६० चं दशक संपत आल्यावर. अशा वेळी हा माणूस वर्गात कविता शिकवावी तसा खेळ शिकवत होता.

त्याचा क्लब लानेल्ली. (या नावातल्या जोड-ल चा खरा वेल्श उच्चार मला महिनाभर प्रयत्न करूनही जमलेला नाही. जीभ टाळूला लावून बाजूने हवा सोडायची म्हणे.) पत्र्याच्या कारखान्यांचं हे शहर. त्यांच्या स्ट्रेडी पार्क मैदानावर गोलच्या खांबांच्या टोकांना चक्क लाल रंगाची पातेली बसवलेली असत.

आता १९७० या वर्षाकडे या. जानेवारीत दक्षिण आफ्रिकेचा संघ लानेल्लीत खेळायला आला. वर्णद्वेषी राजवटीचा, फक्त गोऱ्या खेळाडूंचा संघ. ब्रिटनभर त्या दौऱ्याविरुद्ध निदर्शनं चालू होती. कार्विनचा वर्णद्वेषाला विरोध होता आणि तो लानेल्लीचा कोचही होता. काय करणार? त्याने टीमला पूर्ण तयार केलं, आणि प्रत्यक्ष सामना मात्र पाहिला नाही. लानेल्ली ९-१० असं एका गुणाने हरलं. मला हे वाचताना थोडा रागच आला होता. विरोध आहे तर तयारी तरी का करून घ्यायची? राजीनामा द्यायचा ना! पण मग वाटलं, ती पोरं त्याची होती, त्यांना वाऱ्यावर सोडणं त्याला जमलं नसेल. निषेधाचा त्रास त्याने टीमला दिला नाही, स्वतःला दिला. बरोबर की चूक, तुम्हीच ठरवा. माझं अजून ठरत नाहीये.

त्याच वर्षी जूनमध्ये तो सार्वत्रिक निवडणुकीला उभा राहिला. प्लाइड कमरी या वेल्श राष्ट्रवादी पक्षाकडून, लानेल्लीतूनच. हा खाणकामगार-कारखान्यांचा भाग म्हणजे मजूर पक्षाचा गड. कार्विन हरला. ज्या शहरात त्याच्या टीमसाठी लोक गळा फाटेपर्यंत ओरडत, तिथेच.

आणि तरीही १९७१ मध्ये ब्रिटिश लायन्सचा कोच म्हणून त्याची निवड झाली. लायन्स म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स या चार देशांचा मिळून एक संघ, काही वर्षांनी एकदा जमणारा. एरवी हे चौघे एकमेकांशी हाडवैऱ्यासारखे खेळतात. देशाचा कोच म्हणून एक दिवसही काम न केलेला माणूस चार देशांचा कोच झाला. आणि जायचं कुठे? न्यूझीलंडला. तिथे लायन्सनी तोवर एकही टेस्ट मालिका जिंकलेली नव्हती. ऑल ब्लॅक्सना त्यांच्या घरात हरवणं तेव्हा जवळपास अशक्य मानलं जायचं. मॅनेजर होते डग स्मिथ, स्कॉटलंडचे डॉक्टर. त्यांनी आधीच भाकीत करून टाकलं, दोन टेस्ट आम्ही जिंकू, एक हरू, एक बरोबरीत सुटेल. लोक हसले असतील, आणखी काय.

चार देशांच्या खेळाडूंना एकत्र आणायचं म्हणजे आपण काय करू? सगळ्यांना एका साच्यात घालू. कार्विनने उलट सांगितलं. इंग्लिश माणसाने इंग्लिशच राहावं, आयरिशने आयरिश, स्कॉटिशने स्कॉटिश. आपापला स्वभाव सोडून कोणी माझ्यासाठी बदलू नका. आपल्या भाषेसाठी लढलेला माणूस दुसऱ्याला त्याचं वेगळेपण सोडायला कसं सांगेल? एक खेळाडू स्क्रमचा, म्हणजे डोकी-खांदे भिडवून दोन्ही टीम एकमेकींना रेटतात त्या प्रकाराचा, जाणकार होता. आयर्लंडचा रे मॅकलॉक्लिन. स्क्रमबद्दल कार्विन त्याचं ऐकायचा. आपल्यापेक्षा खेळाडूला जास्त कळतं, हे मान्य करायला त्याला कमीपणा वाटत नसे.

दौऱ्याची सुरुवात पडेल. वाटेत ऑस्ट्रेलियात थांबून क्वीन्सलँडशी पहिलाच सामना, तोच हरले. न्यूझीलंडमध्ये गेल्यावर मात्र गाडी रुळावर आली, एकामागून एक प्रांतिक संघ हरत गेले. मग १९ जून. पहिल्या टेस्टच्या बरोबर एक आठवडा आधी क्राइस्टचर्चला कँटरबरीविरुद्धचा सामना. सामना कसला, मारामारीच. लायन्स १४-३ ने जिंकले, पण स्कॉटलंडच्या सँडी कार्माइकलचं गालाचं हाड मोडलं आणि मॅकलॉक्लिनचा अंगठा मोडला. स्क्रमचे दोन मुख्य खांब एका दुपारी गेले, दोघांचाही दौरा संपला.

पुढच्या शनिवारी ड्युनेडिनला पहिली टेस्ट. जखमींच्या जागी आलेल्यांपैकी एक होता इयान मॅकलॉक्लन, बुटका, दणकट स्कॉटिश. (मॅकलॉक्लिन वेगळा, मॅकलॉक्लन वेगळा. मीही दोनदा चुकले.) न्यूझीलंडने त्या सामन्यात लायन्सना अक्षरशः दाबून ठेवलं होतं. मॅकलॉक्लनने अंगावर येणारी एक किक अडवली, चेंडूवर झेप घेतली आणि ट्राय केला. लायन्सचा मालिकेतला पहिला ट्राय, तोही राखीव गड्याचा. बाकीचे गुण बॅरी जॉनचे. स्कोअर? ९-३.

बॅरी जॉनबद्दल थांबून सांगायला हवं. हा लायन्सचा फ्लाय-हाफ, आणि तोही केव्हनाइथिनचाच! लहानपणी गावच्या मैदानावर त्याने कार्विनला सराव करताना पाहिलेलं. इतकं छोटं गाव, आणि जगातल्या सगळ्यात अवघड दौऱ्यात कोचही तिथला, टीमचं डोकंही तिथलं. बॅरी एक नंबरचा आळशी वाटायचा, सरावाचा त्याला कंटाळा. दुसऱ्या कोणी त्याला राउंड मारायला लावले असते. कार्विन त्याला मोकळं सोडायचा. त्या बदल्यात बॅरीने काय दिलं बघा. पहिल्या टेस्टमध्ये न्यूझीलंडचा फुलबॅक होता फर्गी मॅकॉर्मिक, सर्वात मागे राहून किक झेलणारा, नावाजलेला. बॅरीने किक अशा मारल्या की चेंडू दर वेळी त्याच्यापासून दूर पडायचा. बिचारा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळत राहिला. मॅकॉर्मिक पुन्हा कधी न्यूझीलंडसाठी टेस्ट खेळला नाही. चार टेस्टमध्ये लायन्सनी ४८ गुण केले, त्यातले ३० एकट्या बॅरीचे.

दुसरी टेस्ट लायन्स १२-२२ अशी हरले. इथे कोचची परीक्षा होती. न्यूझीलंडचा सिड गोइंग हा स्क्रममागून चेंडू उचलून सटकणारा खेळाडू डोकेदुखी झाला होता. कार्विनने तिसऱ्या टेस्टला डेरेक क्विनेलला आत घेतलं. क्विनेल तोवर वेल्सकडूनही एकदा खेळला नव्हता! त्याचं मुख्य काम एकच, गोइंगला अडवणं. दुसऱ्या फळीत डेल्म थॉमसला बसवून स्कॉटलंडच्या गॉर्डन ब्राउनला आणलं. थॉमस लानेल्लीचा, कार्विनच्या स्वतःच्या क्लबचा माणूस. तरी बसवलं. वेलिंग्टनला लायन्स १३-३ ने जिंकले. १४ ऑगस्टला ऑकलंडला चौथी टेस्ट. फुलबॅक जेपीआर विल्यम्सने लांबून एक ड्रॉप गोल मारला, एरवी तो असलं काही करत नसे. सामना १४-१४. दोन जिंकल्या, एक हरली, एक बरोबरीत. डॉक्टरसाहेबांचं भाकीत तंतोतंत.

घरी परतल्यावर पुढच्या वर्षी दुसरा चमत्कार. ३१ ऑक्टोबर १९७२, मंगळवार. ऑल ब्लॅक्स ब्रिटनच्या दौऱ्यावर, आणि त्यांच्यासमोर लानेल्ली, एक साधा क्लब. कॅप्टन कोण? डेल्म थॉमस, ज्याला कार्विनने आदल्या वर्षी टेस्टमधून बसवलं होतं. सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये शेवटचा शब्द थॉमसचा होता. आजवर मिळालेले सगळे मान मी या एका विजयासाठी देऊन टाकेन, अशा अर्थाचं तो बोलला आणि धिप्पाड माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. मैदानात उतरल्यावर सुरुवातीलाच फिल बेनेटची पेनल्टी किक दांडीला लागून परत आली. न्यूझीलंडच्या खेळाडूने ती घाईत परतवायला किक मारली, रॉय बर्जियर्सने ती अडवली आणि चेंडूवर पडला. ट्राय. पुढे अँडी हिलने लांबून एक पेनल्टी मारली. शेवटचा स्कोअर तुम्ही ओळखलाच असेल, ९-३. त्या रात्री लानेल्लीच्या पबमधली बिअर संपली असं आजही सांगतात.

जानेवारी १९७३ मध्ये कार्डिफला त्याच ऑल ब्लॅक्सशी बार्बेरियन्स खेळले. हा निमंत्रितांचा संघ, त्याला कोच नसतो. पण त्या दिवशी सामन्याआधी खेळाडूंशी बोलायला कार्विनला बोलावलं गेलं. नवख्या, दबून गेलेल्या बेनेटला त्याने एवढंच सुचवलं की लानेल्लीत खेळतोस तसाच खेळ. सामना सुरू होऊन काही मिनिटंच झाली होती. बेनेटने स्वतःच्या गोलजवळ चेंडू उचलला, किक मारून मोकळं व्हायचं सोडून अंगावर येणाऱ्यांना एकामागून एक चकवलं आणि तिथून हातोहात गेलेला चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गॅरेथ एडवर्ड्सने टेकवला. यूट्यूबवर आहे. बघाच. बार्बेरियन्स २३-११ ने जिंकले.

आता परत त्या पत्राकडे येऊ. १९७४. वेल्सला नवा कोच हवा. लायन्स जिंकून आलेला, लानेल्लीला जिंकवलेला माणूस समोर आहे. पण वेल्समध्ये संघ निवडायची ती पाच जणांची निवड समिती, लोक तिला बिग फाइव्ह म्हणायचे. कोच त्या पाचांपैकी एक. कार्विनचं म्हणणं, निवडीत कोचचा शब्द मुख्य हवा आणि सोबत कोण बसणार हेही त्याने ठरवायला हवं. विचार केला तर साधी गोष्ट आहे. क्विनेलला घ्यायचं की थॉमसला बसवायचं, हे पाच जणांच्या मतदानावर असतं तर वेलिंग्टनला काय झालं असतं? पण युनियनच्या मंडळींना अशी सत्ता एका माणसाच्या हातात द्यायची नव्हती, त्यातून तो राजकारणात पडलेला, कोणाच्या ऐकण्यातला नसलेला. कार्विनने नाव काढून घेतलं. कोच झाला जॉन डॉज, १९७१ च्या लायन्सचा कॅप्टन.

इथे मला तुम्हाला सांगायला आवडलं असतं की मग वेल्सचं वाटोळं झालं. तसं झालं नाही. डॉजच्या काळात वेल्सने १९७६ आणि १९७८ मध्ये ग्रँड स्लॅम जिंकले. म्हणजे कार्विनशिवाय त्यांचं काहीएक अडलं नाही. अट घालून त्याने काय मिळवलं मग? मागे राहून, समितीला गोड बोलून, आतून हळूहळू बदल करता आला असता, असं माझी एक मैत्रीण म्हणाली. असेल. पण पाच जणांच्या संमतीने मिळालेली टीम घेऊन कार्विन तोच कोच राहिला असता असं मला वाटत नाही. त्याने मागितलेला अधिकार आज बहुतेक राष्ट्रीय संघांच्या मुख्य कोचकडे असतो आणि कोणाला त्यात गैर वाटत नाही.

ट्रिनिटी कॉलेज त्याने सोडलं. बीबीसी वेल्सवर बोलू लागला, गार्डियनमध्ये रग्बीवर लिहू लागला. १९७७ मध्ये थेट इटलीत गेला, रोव्हिगो नावाच्या छोट्या शहराच्या क्लबला शिकवायला. इटलीत फुटबॉलसमोर रग्बीला विचारतो कोण, पण रोव्हिगो त्याला अपवाद. १९७९ मध्ये त्यांनी इटलीचं विजेतेपद मिळवलं. वेल्सच्या सर्वोत्तम कोचने हे विजेतेपद मिळवलं ते असं, परक्या देशात.

शेवटची वर्षं चांगली नव्हती. त्वचेच्या आजाराने त्याला कित्येक वर्षं छळलं होतं, अंगाला सतत खाज आणि वेदना. सिगारेट, दारू वाढली. लग्न केलेलं नव्हतं. माणसांच्या गराड्यात असायचा आणि एकटा असायचा. जानेवारी १९८३ मध्ये तो थोडी विश्रांती घ्यायला ॲमस्टरडॅमला गेला. १० जानेवारीला तिथल्या हॉटेलात हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय ५३.

त्याच वर्षी लायन्स पुन्हा न्यूझीलंडला गेले. चारही टेस्ट हरले. त्यानंतर १९९३, २००५ आणि २०१७ मध्ये गेले. २०१७ ची मालिका बरोबरीत सुटली. न्यूझीलंडमध्ये लायन्सनी जिंकलेली मालिका आजही एकच आहे, १९७१ ची.